दोन ठळक दिवसांमधली जागा

जानेवारी ते मार्च या तिमाहीचे कंटेंट कॅलेंडर, म्हणजे कंपनीने कोणत्या दिवशी कोणता मजकूर प्रसिद्ध करायचा याचे वेळापत्रक, पूर्ण झाले, त्या दुपारी मी ते बैठकीच्या खोलीतल्या पडद्यावर उघडले आणि दिवे मंद केल्यावर त्याचे रंग उजळलेले पाहून मनातून सुखावले. तिमाहीच्या ९० दिवसांच्या ९० चौकटी होत्या आणि त्यांतली एकही मोकळी नव्हती. लेखांना निळा रंग दिला होता, चित्रफितींना हिरवा, ईमेलने जाणाऱ्या न्यूजलेटरला पिवळा आणि दिनविशेषांना केशरी. कोणत्याही चौकटीवर क्लिक केले की विषय, मथळा, माध्यम, लिहिणाऱ्याचे नाव, मंजुरी देणाऱ्याचे नाव आणि प्रसिद्धीची वेळ असा सगळा तपशील उलगडत होता. तीन आठवडे मी त्यावर बसले होते. विक्री विभागाने मान डोलावली, मालकांनी दोन ठिकाणी तारखा बदलायला सांगितल्या आणि बैठक संपत आली. ग्राहकसेवेच्या फोनवर बसणाऱ्या ताई अशा बैठकांना सहसा येत नसत. त्या दिवशी त्यांचे वरिष्ठ रजेवर होते म्हणून आल्या होत्या. इतका वेळ त्या पडद्याकडे लक्षपूर्वक पाहत होत्या. वह्या मिटायला लागल्यावर त्यांनी हलक्या आवाजात विचारले, "मॅडम, यात काळ्या पाण्याचं कुठे आहे?"

मला प्रश्नच कळला नाही.

आमची कंपनी पिण्याचे पाणी गाळणारी घरगुती यंत्रे बनवते. नवा कार्बन फिल्टर बसवला की त्यातली बारीक पूड पहिल्या पाण्याबरोबर बाहेर येते. ते पाणी काळपट दिसते, थोडा वेळ वाहू दिले की नितळ होते, आणि त्यात यंत्राचा बिघाड काहीच नसतो. पण ज्याने स्वच्छ पाण्यासाठी पैसे मोजून यंत्र घेतले, त्याच्या पेल्यात पहिल्याच दिवशी काळे पाणी पडते, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल याचा विचार मी कधी केला नव्हता. ताई म्हणाल्या, रोज फोन येतात, आणि बरेचसे लोक आधीच चिडलेले असतात. मी म्हणाले, "पण ते माहितीपुस्तिकेत दिलंय ना?" त्या म्हणाल्या, "हो, दिलंय," आणि थांबल्या. त्या उत्तरात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. त्यांनी मला दुजोराच दिला होता, आणि तरीही घरी जाताना, जेवताना, झोपायला जाताना ते दोन शब्द माझ्या मागे येत राहिले. माझ्या ९० चौकटींत पाणी होते, आरोग्य होते, कुटुंब होते, निसर्ग होता. आमचे यंत्र वापरणाऱ्या माणसाची पहिल्या दिवशीची घाबरगुंडी मात्र एकाही चौकटीत नव्हती.

या कामाची सुरुवात केली, तेव्हा माझ्याकडे स्प्रेडशीट नव्हती. टेबलामागच्या भिंतीवर एक मोठे कॅलेंडर टांगलेले असे आणि त्याच्या चौकटींत मी पेन्सिलीने विषय लिहीत असे. खोडून खोडून काही तारखांचा कागद खरखरीत झालेला असे आणि महिना संपेपर्यंत करंगळीच्या खालची कड शिशाने करडी झालेली असे. त्या काळात मला सर्वांत जास्त धास्ती रिकाम्या चौकटीची वाटे. रोज सकाळी कोणीतरी विचारणारच, "आज काय टाकलं?" आणि त्या प्रश्नाला उत्तर नसणे म्हणजे काम न करणे, असे माझ्या मनाने पक्के धरले होते. रिकामी चौकट भरण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दिनविशेष. ८ मार्च, २२ एप्रिल, ५ जून या तारखा तर पाठच असतात, आणि संयुक्त राष्ट्रांची जागतिक दिनांची यादी उघडली की प्रत्येक महिन्याला पुरून उरतील इतके दिवस सापडतात. तारीख तयार, विषय तयार, चित्र कसे असावे तेही जवळपास ठरलेले. अशा दिवसांची केशरी पट्टी आधी भरून टाकायची आणि उरलेल्या जागांत उत्पादनाची छायाचित्रे बसवायची, ही माझी पद्धत होऊन गेली. साधने बदलली, पेन्सिल गेली, पण धास्ती तीच राहिली आणि पद्धतही तीच.

पाण्याच्या व्यवसायात २२ मार्च हा दिवस चुकवून चालत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९२ च्या डिसेंबरमध्ये तो जागतिक जल दिन म्हणून ठरवला आणि १९९३ पासून तो पाळला जातो. गोड्या पाण्याच्या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधावे, हा त्यामागचा गंभीर हेतू. एका वर्षी त्या दिवसाच्या पोस्टवर आम्ही दोन आठवडे खर्च केले होते. ओंजळीत पडणारा निळा थेंब, त्यात उमटलेली पृथ्वी, खाली एक ओळ. सकाळी नऊ वाजता ती प्रसिद्ध झाली आणि मी स्क्रीनवर बोट सरकवत गेले, तर ओंजळीमागून ओंजळ येत होती. बँकेची ओंजळ, बांधकाम कंपनीची ओंजळ, कपड्यांच्या दुकानाची ओंजळ, आणि त्यांच्या मधोमध कुठेतरी आमची. बोधचिन्ह झाकले असते तर माझी मला ओळखता आली नसती. आमच्या पोस्टखाली पन्नासेक कौतुकाच्या खुणा होत्या आणि शब्दांत लिहिलेली प्रतिक्रिया एकच होती: "धार बारीक झाली आहे, काय करावे?" आमच्यापैकी कोणीतरी त्याखाली हात जोडल्याचे चिन्ह टाकले होते. ते मी तेव्हाही पाहिले होते. पाहून पुढे गेले होते. ताईंच्या प्रश्नानंतरच्या त्या रात्री मला ती प्रतिक्रिया शब्दशः आठवली, आणि पाण्याविषयीच्या आस्थेची पोस्ट टाकून पाण्याविषयीचाच प्रश्न आपण ओलांडून गेलो, याची खरोखर लाज वाटली.

माझ्या कामाचे मूळ शोधताना मला बेंजामिन फ्रँकलिन नेहमी आठवतो. फिलाडेल्फियात छापखाना चालवणाऱ्या या माणसाने १७३२ पासून पंचवीसएक वर्षे दरवर्षी एक पंचांगवजा पुस्तिका काढली. तिच्यात सूर्योदय-सूर्यास्त असत, चंद्राच्या कला असत, हवामानाचे अंदाज असत, आणि तिच्या वर्षाला जवळपास १०,००० प्रती खपत असे त्याने स्वतःच आत्मचरित्रात नोंदवले आहे. मला मोलाचे वाटते ते त्याच्या पुढचे. तो सांगतो की सामान्य लोक याखेरीज दुसरे पुस्तक क्वचितच विकत घेतात, हे लक्षात आल्यावर त्याने पुस्तिकेतल्या ठळक दिवसांच्या मधे उरणाऱ्या छोट्या छोट्या जागा उद्योग आणि काटकसर यांविषयीच्या म्हणींनी भरून काढल्या. ग्रहणाची किंवा सणाची तारीख कोणत्याही पंचांगात सारखीच असणार, कारण ती आकाशाने किंवा परंपरेने ठरवलेली. छापणाऱ्याला स्वतःचे काही सांगायचे असेल तर ते या मधल्या जागांतच सांगता येणार. पूर्वी मी हा किस्सा नव्या सहकाऱ्यांना व्यवसायाची एक हुशार युक्ती म्हणून सांगत असे. आता त्यातला पहिला अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपला वाचक आणखी काय वाचतो आणि काय वाचत नाही, हे त्याला आधी माहीत होते; जागा त्याने त्यानंतर भरल्या.

दुसऱ्या दिवशी मी ताईंच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसले. बसू का, असे विचारले तेव्हा त्यांनी खुर्चीवरची फाइलींची चळत उचलून खाली ठेवली आणि दुसरा हेडफोन जोडून दिला. त्यांच्याजवळ एक लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही होती. कंपनीच्या संगणकप्रणालीत प्रत्येक फोनची नोंद होतेच, पण तिथे तक्रारीचे प्रकार आधीच ठरवून ठेवलेले आहेत: 'स्थापना', 'प्रवाह', 'गुणवत्ता', 'इतर'. ताई प्रणालीत त्यांपैकी एक प्रकार निवडत आणि मग वहीत लोकांच्याच शब्दांत लिहीत. काळं पाणी. धार बारीक. रात्री टपटप. वास परत आला. गावाहून आल्यावर पहिलं पाणी प्यावं का. प्रत्येक ओळीपुढे चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, असे गठ्ठेच्या गठ्ठे. काळ्या पाण्याच्या ओळीची जागा संपल्यावर रेघा समासात चढल्या होत्या आणि तिथून वळून वरच्या ओळीत शिरल्या होत्या. त्या पानावर मी बोट फिरवले तर रेघांचा दाब कागदाच्या मागच्या बाजूला जाणवत होता.

आमच्या लेखांत मी 'धार बारीक होणे' असे कधीच लिहिले नव्हते. 'प्रवाहदरातील घट' असे लिहिले होते.

फोन ऐकताना हळूहळू ध्यानात आले की लोक प्रश्नाच्या आधी एक तारीख सांगतात. "कालच बसवलंय", "तीन आठवडे झाले", "घेऊन पाच-सहा महिने झाले असतील", "वर्षभर काही त्रास नव्हता". त्यांच्या बोलण्यात जागतिक जल दिन नव्हता, आमची तिमाही नव्हती, नवे आर्थिक वर्षही नव्हते. प्रत्येकाचे वर्ष यंत्र भिंतीवर चढले त्या दिवशी सुरू झाले होते आणि तिथून पुढे त्याचे ऋतू ठरलेले होते. पहिल्या दिवशी काळे पाणी. पहिल्या काही आठवड्यांत आवाज आणि टपटप, कारण तोवर कान त्याला सरावलेले नसतात. मग एक लांब शांत काळ. मग गाळाचा फिल्टर हळूहळू भरत जातो, पांढऱ्या धाग्याचा रंग तपकिरी होत जातो आणि धार बारीक होते. कार्बनचे आयुष्य संपत आल्याची अशी डोळ्यांना दिसणारी खूणही नसते. क्लोरीनचा वास परत जाणवू लागतो, एवढेच. हजारो घरांत हजारो कॅलेंडरे वेगवेगळ्या तारखांना सुरू होऊन चालू होती, आणि मी त्या सगळ्यांवर माझे एकच ९० चौकटींचे कॅलेंडर अंथरत होते.

मग मी कॅलेंडर मोडून पुन्हा बांधायला घेतले. आधी एक नवा रकाना घातला: हा प्रश्न कोणाला, कधी पडतो. ज्या चौकटीसमोर हा रकाना भरता आला नाही, ती चौकट काढली. केशरी पट्टी जवळपास सगळीच गेली. दुसरे म्हणजे, खरेदीच्या वेळी ज्यांनी ईमेल पाठवायला परवानगी दिली होती, त्यांच्यासाठी तारखेऐवजी दिवस मोजणारी वेगळी मालिका केली: यंत्र बसवण्याच्या आदल्या संध्याकाळी काळ्या पाण्याविषयी चार ओळी आणि एक छायाचित्र, पाचव्या महिन्यात धार कशी तपासायची, त्यानंतर फिल्टर बदलण्याची चित्रफीत. सर्वांसाठीच्या कॅलेंडरमध्ये तेच विषय आलटून पालटून येत राहतील, कारण आज कोणाचा तरी पहिला दिवस आहे आणि कोणाचा तरी पाचवा महिना. मथळे वहीतल्या शब्दांत लिहिले. रात्री स्वयंपाकघरात उभा राहून फोनवर उत्तर शोधणारा माणूस तेच शब्द टाइप करणार आहे, आणि लेखाने त्याला सापडायचे असेल तर तेच शब्द लेखात असायला हवेत.

वेळेच्या हिशेबात मी पूर्वीही काटेकोर होते, तरी या वेळी मुळापासून शिकल्यासारखे वाटले. फिल्टर बदलण्याची दोन मिनिटांची चित्रफीत १५ तारखेला हवी असेल, तर १२ तारखेला अंतिम मंजुरी, ८ तारखेपर्यंत संकलन, ४ तारखेला चित्रीकरण, आणि त्याआधीच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तंत्रज्ञाने तपासलेली संहिता, असे प्रसिद्धीच्या तारखेपासून मागे मागे यावे लागते. यात मंजुरी देणाऱ्याच्या रजेचा दिवस धरला नाही तर सगळी साखळी घसरते. कॅलेंडर कोसळते ते बहुधा कल्पना सुचत नाहीत म्हणून नव्हे; मंजुरीसाठी गेलेला मजकूर कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये चार दिवस पडून राहतो म्हणून. चित्रीकरणात आमच्या तंत्रज्ञाचे हात दाखवायचे ठरले. त्यांच्या नखांच्या कडांना ग्रीस होते, जाहिरात विभागातून कोणीतरी ते पुसायला सुचवले आणि मी राहू द्या म्हणाले. झाकण कुठल्या दिशेने फिरवायचे हे त्यांनी एकदा चुकून उलटे दाखवले, मग हसून सरळ केले, आणि तोही तुकडा आम्ही ठेवला, कारण घरी प्रत्येक जण पहिल्यांदा ते उलटेच फिरवतो असे ताईंनी सांगितले.

एकच विषय महिन्यात तीनदा येतो हे पाहून सहकारी कुरकुरले, आणि त्यांची अडचण मला परकी नव्हती. लिहिणाऱ्याने एक मजकूर पंधरा वेळा वाचलेला असतो, म्हणून त्याला तो शिळा वाटतो. वाचणाऱ्यापर्यंत तो एकदाही पोचलेला नसतो. इन्स्टाग्रामने २०१६ मध्ये पोस्ट केवळ वेळेच्या क्रमाने दाखवणे सोडले, आणि आज बहुतेक समाजमाध्यमांवर कोणाला काय दिसावे हे यंत्रणाच ठरवते. आपण मंगळवारी टाकलेले सर्वांना मंगळवारी दिसेल, किंबहुना दिसेलच, हे गृहीत धरता येत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून स्वतःच्याच विस्मरणाचे मोजमाप केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि अंतराने केलेली उजळणी टिकते, असे त्याला आढळले. निरर्थक अक्षरांवरचे निष्कर्ष फिल्टरच्या माहितीला जसेच्या तसे लावणे मला पटत नाही. तरी नोकरी, मुले, आजारपण यांच्या गर्दीत आमचे एक वाक्य कोणी पाच महिने लक्षात ठेवील ही अपेक्षा मी सोडली आहे, आणि ते वाक्य योग्य दिवशी पुन्हा सांगायची जबाबदारी आपली, असे मानू लागले आहे.

आणखी एक रकाना मी घातला, त्यामागे एक जुनी जखम आहे. आदल्या वर्षी यंत्रांच्या एका खेपेत जोडणीचा एक भाग सदोष निघाला आणि काही घरांत रात्रीतून पाणी गळाले. सकाळपासून ग्राहकसेवेचे फोन थांबत नव्हते. आम्ही सगळे त्यातच गुंतलो होतो, आणि बरोबर ११ वाजता, महिनाभर आधी शेड्यूल केलेली आमची पोस्ट आपोआप प्रसिद्ध झाली: हसरे कुटुंब आणि 'आता निर्धास्त राहा' ही ओळ. दहा मिनिटांत तिच्याखाली एका ग्राहकाने आपल्या ओल्या फरशीचे छायाचित्र टाकले. भिंतीच्या कडेला पिळून ठेवलेले टॉवेल होते आणि खुर्चीवर उचलून ठेवलेले मुलाचे दप्तर. पोस्ट काढायला गेलो तर पासवर्ड ज्याच्याकडे होता तो प्रवासात होता. पाऊण तास ती तशीच राहिली. ते दप्तर माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. आता प्रत्येक आठवड्यासमोर 'थांबवणार कोण' असा रकाना आहे, त्यात दोन नावे असतात आणि त्यांतले एक नेहमी ग्राहकसेवेतले असते. वाईट बातमी कंपनीत सर्वांत आधी त्यांच्याच कानावर येते. शिवाय रोज सकाळी, त्या दिवशी जाणारे सगळे मजकूर एकदा माणसाने वाचायचे, असेही ठरवले आहे. त्याला सात-आठ मिनिटे लागतात.

नवे कॅलेंडर पडद्यावर उघडले तेव्हा खोली पूर्वीसारखी उजळली नाही. रंग कमी होते आणि दर आठवड्यात दोन चौकटी मुद्दाम मोकळ्या ठेवल्या होत्या. मालकांनी त्यांच्यावर बोट ठेवून विचारले, "इथे काय?" आणि माझा जुना धसका क्षणभर परत आला. मी सांगितले की इथे त्या आठवड्यातला प्रश्न येईल, आज तो आपल्याला माहीत नाही. ते पूर्ण समाधानी झाले नाहीत. पहिल्या महिन्यात पसंतीच्या खुणाही कमी झाल्या. काळ्या पाण्याच्या पोस्टला सुंदर म्हणावे असे काही नसते, तिच्याकडे पाहून कोणी हृदयाचे चिन्ह टाकत नाही. मात्र लोक ती जतन करून ठेवत होते आणि एकमेकांना पाठवत होते, ते आकडे मी बैठकीत वाचून दाखवले. खरे सांगायचे तर त्या भरगच्च, रंगीत पानाची मला अजून आठवण येते. इतके नीटनेटके काही पुन्हा माझ्या हातून होईल असे वाटत नाही, आणि त्यात मी ओतलेली मेहनत खोटी नव्हती. ताईंच्या वहीत काळ्या पाण्यासमोरच्या रेघा विरळ झाल्या. यात ईमेलचा वाटा किती आणि त्या महिन्यात विक्रीच थोडी मंद होती त्याचा किती, हे सांगणे कठीण आहे, आणि तसे मी अहवालात लिहिलेही.

आता शुक्रवारी दुपारी, फोन जरा थंडावले की ताई वही घेऊन माझ्या टेबलाशी येतात. गेल्या शुक्रवारी त्यांनी पान उघडून तळाच्या ओळीवर बोट ठेवले. ओळ नवी होती, तिच्यापुढे तीनच रेघा होत्या. "फिल्टर बदलला, पण जुना कुठे टाकायचा, असं विचारतात," त्या म्हणाल्या. "मी काय सांगू?" मला उत्तर येत नव्हते. माहितीपुस्तिका काढून दोघींनी शेवटपर्यंत चाळली, तिच्यातही नव्हते. मी पुढच्या मंगळवारच्या मोकळ्या चौकटीत तो प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहिला, 'माहिती कोण देणार' हा रकाना रिकामा ठेवला, आणि मग आम्ही दोघी वही घेऊन खाली तंत्रज्ञांच्या खोलीकडे गेलो.